फुल अधिकारी पुन्हा रुजू होतात

माझा मामा कवळ्या बनवतो. एरवी माणूस सज्जन, पण कुणाचा फोटो दाखवला की लोक चेहरा बघतात आणि हा दात बघतो. "मुलगी छान आहे," असं कुणी म्हटलं की हा म्हणतो, "वरचा सुळा जरा पुढे आहे." त्यामुळे आमच्याकडे लग्न जमवताना मामाचं मत सगळ्यात शेवटी विचारतात, किंवा विचारतच नाहीत.

खाली डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आणि वर दोन खोल्यांत मामाची दातांची लॅब. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते वर येतं, मामा त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो, मेणात एकेक दात बसवतो, आणि सगळ्यात शेवटी मी ती कवळी घासूनपुसून चकचकीत करते. भाची म्हणून त्याने मला कामावर घेतलं आणि त्यानंतर मी भाची असल्याचं तो विसरला. लॅबच्या खिडकीत प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत असतात, सगळे तोंड वासून. कुणीतरी त्यांना मामाच्या तरुणपणाचे किस्से सांगितले असावेत असं वाटतं.

तरुणपणी मामा एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. कॉलेजातले चार जण. ड्रमवर मामा, त्याला तिघंही ठोक्या म्हणत. गाणारा बुलबुल, हे नाव मुलींनी मनापासून ठेवलं होतं आणि बाकीचे ते चेष्टेने घ्यायचे. गिटारवर मौनी, कारण तो दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन जेवणाबद्दल असायची. कीबोर्डवर एक मुलगी होती, जी त्या वयातही सरावाचं वेळापत्रक करायची आणि उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करायची. तिला ते 'बाई' म्हणायचे. पुढे ती खरोखरच शाळेची मुख्याध्यापिका झाली, त्यामुळे नाव बदलावं लागलं नाही.

माझ्या आजोबांच्या गॅरेजमध्ये सराव चालायचा. गाडी बाहेर उन्हात आणि हे चौघं आत सावलीत. एक दिवस आजोबा वैतागून म्हणाले, "बिनपगारी आणि फुल अधिकारी." चौघांना त्यातला मागचा भाग फार आवडला आणि बँडचं नाव ठरलं. आजोबांनी नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही.

'फुल अधिकारी' चांगलेच चालले. त्यांचं एक गाणं, 'सोडून जा, पण सांगून जा', रेडिओवर इतकं वाजलं की ज्यांना जन्मात कुणी सोडून गेलं नव्हतं तेही डोळे मिटून गुणगुणायचे. मामा सांगतो की मामी त्याला आवडली, कारण ते गाणं न ऐकलेली ती एकटीच मुलगी होती. मामी सांगते की तिने ते ऐकलं होतं, पण पहिल्याच भेटीत एवढं खरं कशाला बोलायचं.

मग एका कार्यक्रमात सगळं फिसकटलं. हॉल भरलेला होता, शेवटचं गाणं तेच, आणि गाणं पळायला लागलं. बुलबुलला शब्द पुरे करता येईनात. दुसऱ्या कडव्यात तो मागे वळला आणि मामाला म्हणाला, "अरे, गाडी चुकतेय का तुझी?" म्हणाला हळूच, पण हातातला माईक तोंडासमोरून काढायचं राहून गेलं. सगळा हॉल हसला. मामाने काठ्या खाली ठेवल्या, उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. उरलेलं गाणं बुलबुलने ड्रमशिवाय म्हटलं. ज्या बँडने 'सांगून जा' म्हणून सगळ्यांना रडवलं, तो बँड असा कुणी कुणाला काही न सांगता मोडला. त्याला आता तीसेक वर्षं झाली.

घरात ह्या विषयावर पूर्ण बंदी होती. लॅबमध्ये रेडिओवर ते गाणं लागलं तर मामा रेडिओ बंद करायचा नाही, तो घासायचं मशीन चालू करायचा. मामी वाचनालयात नोकरी करते. दिवसभर लोकांना गप्प बसवायची सवय असल्यामुळे घरातली ही शांतता तिला मानवली होती. मोठा ड्रम तिने हॉलच्या कोपऱ्यात ठेवला होता आणि त्यावर टेबलक्लॉथ टाकून फुलदाणी मांडली होती. येणारे-जाणारे विचारायचे, "हे गोल टेबल कुठून घेतलं?"

अशात एक दिवस बाई लॅबमध्ये आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. चष्मा साखळीला अडकवलेला, खांद्याला भलीमोठी पिशवी. आत आल्या आल्या त्यांनी खिडकीतले जबडे सरळ रांगेत आहेत की नाहीत ते पाहिलं.

"ठोक्या, मी दोन महिन्यांनी निवृत्त होतेय," त्या म्हणाल्या. "शाळेने विचारलं, बाई, तुम्हाला काय द्यायचं? मी म्हटलं, घड्याळ नको, खुर्ची नको, भाषणं तर मुळीच नकोत. मला माझा बँड पाहिजे."

मामाने हातातलं मेण खाली ठेवलं. "तो येणार असेल तर मी येणार नाही."

"त्यानेही अगदी हेच सांगितलं. म्हणजे इतक्या वर्षांत तुमचं एका गोष्टीवर तरी एकमत झालं."

"मग?"

"मग काय? शनिवारी दुपारी, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. उशीर झाला तर बाहेर उभं करीन."

त्या गेल्यावर मामा बराच वेळ एकच दात हातात धरून बसला होता. मी विचारलं, "मामा, तू जाणार?"

"कोण जातंय," तो म्हणाला. आणि घरी जाऊन त्याने फुलदाणी उचलून मामीच्या हातात दिली.

शनिवारी त्याला गाडीतून न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण ड्रम आणि मामा एकाच वेळी सांभाळणं मामीला शक्य नव्हतं. चित्रकलेच्या वर्गात भिंतीभर मुलांनी काढलेली फळं टांगलेली होती आणि बसायला मुलांचे छोटे स्टूल. मौनी आधीच येऊन बसला होता, गुडघे हनुवटीपर्यंत वर. तो आता घरांचे नकाशे काढतो. मामाला बघून म्हणाला, "जाड झालास." मग दिवसभर काही बोलला नाही.

शेवटी बुलबुल आला. तो बाथरूमच्या टाइल्सच्या दुकानात मोठ्या हुद्द्यावर आहे असं ऐकलं होतं. केस काळेभोर, त्या वयाला शोभणार नाहीत इतके. त्याने बाईंना नमस्कार केला, मौनीच्या पाठीवर थाप मारली, माझी चौकशी केली आणि मामाच्या बाजूला जी भिंत होती तिच्यावरची केळी लक्षपूर्वक पाहिली.

पुढचा संवाद सगळा बाईंमार्फत झाला.

"बाई, ह्यांना सांगा, ठेका जरा सावकाश."

"बाई, त्यांना सांगा, आमची गाडी आज चुकत नाहीये."

"मला सांगू नका," बाई म्हणाल्या, "मी काय पोस्टमन आहे? वाजवा."

वाजवायला लागले. मामाचा उजवा पाय दोन मिनिटांत दमला, मौनीची बोटं तारांवरून घसरली, बाई मात्र एकही सूर न चुकता आणि कपाळावरची आठी न काढता वाजवत होत्या. मग बुलबुलने तोंड उघडलं. "सोडून जा..." आणि 'सो' बरोबर एक बारीक, स्वच्छ शिट्टी आली. "सांगून जा..." पुन्हा शिट्टी. गाण्यात जिकडे तिकडे 'स'. गाणं कुकरला लावल्यासारखं वाटायला लागलं. मी मान खाली घालून ओठ चावले. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मौनी एकटाच मोकळेपणाने हसला, आणि तोही आवाज न करता, त्यामुळे ते जास्तच वाईट दिसलं.

बुलबुलने कडवं पुरं केलं नाही. "आज घसा बरा नाही," असं म्हणून तो निघून गेला.

परत येताना गाडीत मामा इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "वरची कवळी," तो म्हणत होता, "पुढचे दात चुकीच्या जागी बसवलेत. वारा जातो. माणूस नाही, बासरी झालीय त्याची." दोन चौक गेले आणि तो हसायचा थांबला. नंतर घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. उतरताना म्हणाला, "कुणी बनवली काय माहीत. असा आवाज होता त्याचा, आणि त्यात असलं काहीतरी नेऊन बसवलं."

पुढच्या शनिवारी बुलबुलचा घसा बरा नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. बाईंनी मामाला फोन केला. त्यांचा आवाज बाजूला उभ्या असलेल्या मलाही नीट ऐकू आला.

"ठोक्या, दात कोण बनवतं आपल्यात?"

"त्याने मला विचारलेलं नाही."

"तो कसा विचारेल? तुला तरी विचारता आलं असतं का?"

मामाने फोन ठेवला. जेवताना मामी शांतपणे म्हणाली, "अहो, लोक तुमच्याकडे दात घ्यायला येतात. तुम्ही दात धरून बसलात की काय?" मामीचं असंच असतं. वाचनालयातून महिन्याला एखादं वाक्य आणते आणि बरोबर जागी ठेवते.

बुलबुलला कुणी कसं तयार केलं ते बाईच जाणोत. पण पुढच्या आठवड्यात भर दुपारी तो तोंडावर रुमाल धरून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात येऊन बसला. डॉक्टरीणबाईंनी मामाला खाली बोलावलं, कारण अशा अवघड केसला तो नेहमी माप घेताना हजर असतो. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मापाचा ट्रे भरला. गुलाबी, थंडगार लगदा असतो तो. बुलबुलच्या तोंडात दाबून बसवला आणि म्हणाल्या, "आता घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही." आणि तेवढ्यात बाहेरगावच्या पेशंटचा फोन आला म्हणून त्या उठून गेल्या.

बुलबुल खुर्चीत आडवा, तोंडात ट्रे, गळ्यात निळा कागद. मामा त्याच्या डोक्याशी उभा. मला तेव्हाच कळलं की आता काहीतरी होणार.

"बरं झालं," मामा म्हणाला. "आता ऐक. गाडी चुकतेय का, असं विचारलंस ना? सगळ्या गावासमोर? दुसऱ्या दिवशी मी ब्रेड आणायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, साहेब, घाई नाही ना? वर्षभर म्हणत होता तो. मी दुकान बदललं. ब्रेड वाईट मिळायचा तिथे, पण मी बदललं."

"अं," बुलबुल म्हणाला.

"बोलू नकोस, माप बिघडेल. तुझ्याकडे एक फोन होता, दोन पाय होते. चुकलं म्हणायला काय लागतं? मी रोज वाट बघितली. सहा महिने बघितली. मग म्हटलं, मरू दे. आणि मग दातांचं काम शिकायला गेलो, कारण तिथे कुणी मागे वळून बघत नाही."

बुलबुलच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. ते रडणं होतं की लगद्यामुळे ते सांगता येणार नाही. त्या ट्रेने बऱ्याच जणांना येतं. मामाने टेबलावरचा कापूस घेऊन त्याचे डोळे टिपले. सवयीने टिपले असावेत.

डॉक्टरीणबाईंनी येऊन ट्रे काढला. बुलबुल उठून बसला, चूळ भरली, आणि रुमाल बाजूला ठेवून, बोळक्या तोंडाने म्हणाला, "झालं तुझं? आता माझं ऐक. मला दम पुरत नव्हता त्या दिवशी. आदल्या वर्षापासूनच कमी पडायला लागला होता. वरची जागा लागायची नाही, लांब ओळ पुरी व्हायची नाही. मला वाटायचं, लोकांना कळलं तर संपलं. तेव्हा मागे वळलो आणि जो पहिला दिसला त्याच्यावर ढकललं. फोन उचलायचो मी. नंबर फिरवायचो. तिकडून तुझ्या घासायच्या मशीनचा आवाज यायचा आणि मी ठेवून द्यायचो."

"तो तू होतास?" मामा म्हणाला. "मला वाटलं लाइन खराब आहे. तीनदा दुरुस्त करून घेतली."

मग मामाने टॉर्च घेतली आणि म्हणाला, "आ कर. आणि ती जुनी कवळी इकडे दे. कुणी बनवली ही?"

"का?"

"त्याला भेटायचंय मला."

ती कवळी मामाने माझ्याकडे पॉलिशलाही दिली नाही, सगळं स्वतः केलं. मेणातले दात बसवून बुलबुलला समोर उभं करायचा आणि म्हणायचा, "म्हण, साठ." "साठ." "सासुरवाडी." "सासुरवाडी." "सरसकट." शिट्टी आली की दात केसभर मागे. लॅबच्या दारातून जाणारे लोक थांबून आत बघायचे. दोन म्हातारे समोरासमोर उभे राहून एकमेकांना 'सोसायटीच्या सचिवाची सासू' असं ऐकवतायत, असं दृश्य रोज बघायला मिळत नाही.

नवी कवळी बसली त्या शनिवारी चौघं पुन्हा चित्रकलेच्या वर्गात जमले. आता बाईंना पोस्टमनगिरी करावी लागत नव्हती. उलट दोघांचं नको इतकं जमलं होतं, आणि दोघं मिळून मौनीला सूचना करत होते. बुलबुलने "सोडून जा" म्हणून पाहिलं. 'स' असा निघाला की मामाने छाती पुढे काढून माझ्याकडे पाहिलं.

"चला, पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. "मौनी, सुरू कर."

गाण्याची सुरुवात एकट्या गिटारची. मौनीने डोळे मिटले आणि सुरू केलं. चार सूर गेले नाहीत तोच मामाच्या भुवया वर गेल्या. मौनी सुटला होता. गिटार अशी धावत होती की जणू मागे कुत्रं लागलंय. मामा त्याच्या मागे, बुलबुल त्याच्याही मागे, पहिलं कडवं कसंबसं झालं आणि दुसऱ्यात बुलबुलला धाप लागली. तो थांबला. त्याने मागे वळून मामाकडे पाहिलं. मामाने काठ्या वर धरल्या होत्या, त्यानेही त्याच्याकडे पाहिलं. आणि मग दोघांनी एकाच वेळी मौनीकडे मान वळवली.

मौनी डोळे उघडून खुंट्या पिळत बसला.

"हा नेहमी असाच सुरू करायचा?" बुलबुलने विचारलं.

"नेहमी," बाई म्हणाल्या. "मी तेव्हाही सांगत होते. माझं कोण ऐकतंय? तुम्ही दोघं भांडण्यात गुंग."

"मौनी," मामा अगदी हळू म्हणाला, "तुला माहीत होतं?"

मौनीने विचार केला. "कार्यक्रमानंतर भूक लागायची," तो म्हणाला. "शेवटचं गाणं असलं की हात आपोआप पळायचा."

"आणि तीस वर्षं तू गप्प बसलास?"

"कुणी विचारलंच नाही."

मला वाटलं, आता इथे कुणाचा तरी खून पडतो. बुलबुलने नवी कवळी काढून खिशात ठेवली, बहुधा ती सुरक्षित राहावी म्हणून. पण मामाला हसू फुटलं. तो स्टुलावरून खाली बसला आणि हसत राहिला. बुलबुल त्याला उठवायला गेला आणि तोही बसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि मौनीच्या पुढ्यात ठेवला. "आधी खा," त्या म्हणाल्या, "मग वाजव." त्या दिवसापासून सरावाआधी मौनीला खायला घालायची पद्धत पडली आणि गाण्याची लय एकदम ठिकाणावर आली.

निरोपाचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात दुपारी झाला. पुढे मुलं मांडी घालून बसलेली, मागे खुर्च्यांवर शिक्षक आणि पालक. मुलांना हे चार आजी-आजोबा कोण ते ठाऊक नव्हतं. आपल्या मुख्याध्यापिका स्टेजवर उभ्या राहून वाजवतायत ह्याचीच त्यांना मजा वाटत होती. एका मुलीने शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, "बघ, बाईंचा पाय हलतोय." पण मागच्या खुर्च्यांवर पहिल्या चार सुरांतच गडबड उडाली. चाळिशी-पन्नाशीची माणसं एकमेकांना कोपर मारायला लागली.

गाणं पूर्वीपेक्षा बरंच सावकाश होतं. बुलबुलचा आवाज वर जायचा तिथे आता जात नव्हता, तो अलीकडेच थांबून शब्द खाली ठेवायचा, आणि मामा तिथे काठी न आपटता नुसती टेकवायचा. हे त्यांनी कधी ठरवलं मला माहीत नाही. सरावात नव्हतं. दुसऱ्या कडव्याशी बुलबुल मागे वळला. मामीने माझं मनगट धरलं. तो मामाकडे बघून काही बोलला नाही, नुसता वळून उभा राहिला आणि अर्धं कडवं प्रेक्षकांकडे पाठ करून त्याच्याकडे बघत म्हटलं. मामा मान खाली घालून वाजवत होता. त्याचे कान लाल झाले होते.

त्यांनी तीनच गाणी बसवली होती. मुलं "अजून, अजून" करायला लागली, तेव्हा चौघांनी आपापसात कुजबुज केली आणि पहिलं गाणं परत वाजवलं. कुणाची काही तक्रार आली नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. 'फुल अधिकारी' दर शनिवारी आमच्याकडे जमतात. दुसरा कार्यक्रम करायचा असं त्यांचं पक्कं ठरलं आहे, फक्त कुठे, कधी आणि कोणती गाणी एवढं ठरायचं राहिलंय. बाईंनी आधी गाण्यांचा क्रम ठरवायला सांगितला, त्यात चार महिने गेले. एक नवीन गाणंही बनतंय. त्याची चाल बुलबुलने केली आहे आणि शब्द, कुणाचा विश्वास बसणार नाही, मौनी लिहितोय. आत्तापर्यंत दोन ओळी झाल्यात, दोन्ही चांगल्या आहेत.

मामी शनिवारी जादा वेळ वाचनालयात थांबायला लागली होती. परवा मात्र ती लवकर घरी आली, पर्स ठेवली आणि सोफ्याच्या कडेला बसून ऐकत राहिली. 'सोडून जा' संपल्यावर मामाने घाम पुसत विचारलं, "कसं वाटलं?"

मामीने थोडा विचार केला. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हापेक्षा बरं," ती म्हणाली, आणि चौघांसाठी चहा टाकायला उठली.